दोषारोपपत्रापासून निकालापर्यंत: फौजदारी खटला चालवणाऱ्या नव्या सरकारी वकिलासाठी

फौजदारी न्यायालयात सरकार पक्षातर्फे उभा राहणारा वकील पोलिसांचा प्रतिनिधी नसतो आणि फिर्यादीने नेमलेलाही नसतो. तो न्यायालयाचा अधिकारी असतो. आरोपीला कसेही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सांगितले. हे वाक्य भाषणात ऐकायला सोपे वाटते. रोजच्या कामात त्याचा अर्थ एवढाच, की कायदा जिथे 'सरकारी वकिलाचे मत' मागतो तिथे ते मत खरोखर तुमचे हवे. रिमांड, जामीन, मुदतवाढ, खटला मागे घेणे, अपील या प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न येतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी महाराष्ट्रातली रचना पाहू. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता खटले चालवतात. त्यांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि ते अभियोग संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. पूर्वी हे काम पोलीस खात्याच्या ताब्यातले अभियोक्ते करत. १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने त्यांना पोलीस खात्यापासून वेगळे करायला लावले. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील काम पाहतात. त्यांच्या नेमणुका १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनुसार विधी व न्याय विभागाकडून होतात. सत्र न्यायालयासाठी किमान ७ वर्षांची आणि विशेष सरकारी वकिलासाठी किमान १० वर्षांची वकिली लागते. संचालनालयाच्या कामाची वाटणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये आहे. १० वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या प्रकरणांवर संचालक, ७ ते १० वर्षांच्या प्रकरणांवर उपसंचालक आणि ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या प्रकरणांवर सहायक संचालक देखरेख ठेवतात.

कोणता कायदा लागू, हे पहिल्या पानावर लिहा

१ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले: गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहिता, कार्यपद्धतीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम. पण जुनी प्रकरणे अजून बरीच वर्षे चालतील. पुढे नुसता कलम क्रमांक दिला असेल तिथे तो नागरिक सुरक्षा संहितेचा समजा. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर कलम भारतीय दंड संहितेचेच लागते. गुन्हा आधीचा आणि फिर्याद नंतरची असेल तर गुन्ह्याचे कलम जुने, पण कार्यपद्धती सहसा नवी. त्या दिवशी जो तपास किंवा खटला प्रलंबित होता त्याला पुराव्याचा जुना कायदाच लागू राहतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर तीन तारखा लिहून ठेवा: गुन्ह्याची, फिर्यादीची आणि दोषारोपपत्राची. त्यांच्याखाली कलमांचे जुने-नवे क्रमांक जोडीने लिहा. साक्षीदार पिंजऱ्यात असताना कलम शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

रिमांड आणि जामीन

रिमांडसाठी तपासी अंमलदार यादी घेऊन येतो, वेळ कमी असतो आणि दोन ओळी वाचून उभे राहावे लागते. तरीही चार गोष्टी पाहिल्याशिवाय उभे राहू नका. पहिली, अटकेची कारणे आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली का. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अट सर्व गुन्ह्यांना लावली. ताबडतोब लेखी देणे शक्य नसेल तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती दिलीच पाहिजेत. कागदावर सही आणि वेळ दोन्ही हवेत. दुसरी, शिक्षा ७ वर्षांपर्यंत असेल तर नोटीस देऊन भागले असते का, आणि अटक का आवश्यक होती याची कारणे डायरीत आहेत का. तिसरी, मागितलेल्या पोलीस कोठडीत नेमके काय करायचे आहे. 'सखोल तपास करणे आहे' हे कारण नाही. 'गुन्ह्यातला कोयता आरोपीने ज्या विहिरीत टाकला असे तो सांगतो ती दाखवायची आहे' हे कारण आहे. चौथी, दोषारोपपत्र दाखल करण्याच्या मुदतीचा हिशेब. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवस. पहिल्या रिमांडचा दिवसही त्यात मोजायचा. ही मुदत चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि मग कितीही गंभीर गुन्हा असला तरी युक्तिवाद उपयोगाचा नसतो. प्रत्येक प्रकरणाची शेवटची तारीख आपल्या डायरीत पंधरा दिवस आधीच्या पानावर लिहून ठेवा आणि त्या दिवशी पोलीस ठाण्याला लेखी कळवा.

जामीन अर्जावरचे म्हणणे हा सरकारी वकिलाचा सर्वांत जास्त वाचला जाणारा कागद असतो आणि दुर्दैवाने सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेलाही. 'आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, सबब अर्ज नामंजूर व्हावा' हे तीन मुद्दे प्रत्येक प्रकरणात तसेच्या तसे उतरवले तर न्यायाधीश ते वाचणे सोडून देतात. त्याऐवजी या आरोपीची नेमकी भूमिका काय, ती कोणत्या साक्षीदाराच्या जबाबात आहे, जखमा किती व कुठे, पूर्वीचे गुन्हे क्रमांकासह आणि ते कोणत्या टप्प्यावर आहेत, साक्षीदार आणि आरोपी एकाच वस्तीत राहतात का, हे लिहा. विरोध करण्यासारखे काही नसेल तर तसे म्हणा आणि अटी सुचवा: गावबंदी, पोलीस ठाण्यात हजेरी, पासपोर्ट जमा करणे. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ काढला असल्यास कलम ४७९ चा लाभ त्याला मिळतो का, हे स्वतःहून तपासा. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही.

मोक्कासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) कायद्यात तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवायची तर सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९४) हा निकाल टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालचा, पण तत्त्व तेच. तपासी अंमलदाराचे पत्र जोडून खाली सही केली म्हणजे अहवाल होत नाही. तपास कुठवर आला, काय राहिले, का राहिले आणि आरोपीला त्यासाठी कोठडीत ठेवणे का आवश्यक आहे, हे डायरी वाचून आपल्या शब्दांत लिहावे लागते.

दोषारोपपत्राचे वाचन आणि पुराव्याचा तक्ता

दोषारोपपत्र दाखल करायचे की नाही, हा निर्णय पोलिसांचा. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू (२०००) मध्ये ते स्पष्ट झाले आहे. तुम्ही उणिवा दाखवू शकता, निर्णय घेऊ शकत नाही. पण एकदा दोषारोपपत्र आले की त्यातली प्रत्येक उणीव तुमची जबाबदारी होते.

कागदपत्रे ज्या क्रमाने शिवलेली असतात त्या क्रमाने वाचू नका. घड्याळाच्या क्रमाने वाचा. घटनेची वेळ, ठाण्याला पहिली खबर पोहोचल्याची स्टेशन डायरीतील नोंद, रुग्णालयातील एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद, फिर्याद नोंदवल्याची वेळ, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन, अटक, जप्ती. एका कोऱ्या कागदावर या वेळा एकाखाली एक मांडल्या की घोटाळा लगेच दिसतो: मरणोत्तर पंचनाम्यात फिर्यादीचा गुन्हा क्रमांक आहे पण त्यावरची वेळ फिर्यादीच्या आधीची आहे, किंवा एकच पंच एकाच वेळी दोन ठिकाणी हजर दाखवला आहे. हे बचाव पक्षाला सापडणारच. तुम्हाला आधी सापडले तर खुलासा मिळवता येतो.

मग तक्ता करा. हा तक्ता म्हणजे तुमच्या खटल्याचा कणा. पाच रकाने पुरतात: गुन्ह्याचा घटक, तो सिद्ध करणारा साक्षीदार, कागद, मुद्देमाल आणि उणीव. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खालचा खून घेतला तर घटक असे: मृत व्यक्तीची ओळख, मृत्यू मनुष्यकृत असणे, तो आरोपीच्या कृतीने होणे आणि कलम १०१ मधील हेतू किंवा ज्ञान. कट किंवा समान उद्देश असेल तर तो वेगळा घटक, वेगळी ओळ. ज्या घटकासमोर फक्त तपासी अंमलदाराचे नाव येते तो घटक तुमच्याकडे नाही, असे समजा.

परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात तक्ता आणखी कडक हवा. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) मधील पाच कसोट्या तिथे लावाव्या लागतात. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा, आणि सगळे दुवे मिळून आरोपी सोडून दुसऱ्याने केले असण्याची शक्यता संपली पाहिजे. 'शेवटचे एकत्र दिसले' हा दुवा असेल तर दिसल्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यांतले अंतर तक्त्यात लिहा. ते अंतर मोठे असेल तर दुवा कमजोर आहे आणि तुम्हाला दुसरा शोधायचा आहे.

उणीव सापडली की काय? पुढील तपास कलम १९३ (९) खाली होऊ शकतो. खटला सुरू झाल्यावर मात्र न्यायालयाची परवानगी लागते आणि तो ९० दिवसांत पुरा करायचा असतो. म्हणून जी कमतरता दिसते ती न्यायालयाने आरोपीवर दोषारोप ठेवण्याआधीच लेखी कळवा. नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी या: शस्त्र अधिनियमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी, लाचेच्या प्रकरणात सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात फिर्यादीचा जातीचा दाखला आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केल्याची खात्री, पोक्सोत (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात) वयाचा पुरावा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र.

वयाच्या पुराव्यावर थोडे थांबायला हवे, कारण पोक्सोचे कितीतरी खटले इथे ढासळतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेचा दाखला जोडला पण मुख्याध्यापकाला साक्षीला बोलावले नाही, किंवा बोलावले पण मूळ जनरल रजिस्टर आणलेच नाही, ही नेहमीची चूक. रजिस्टर आणायला सांगा आणि पहिल्या इयत्तेत प्रवेशाच्या वेळी ती तारीख कोणी, कशावरून सांगितली, हेही विचारा.

दोषारोप

मसुदा दोषारोप सरकारी वकीलच देतो. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, कृती आणि कलम असावे. आरोपी एकाहून अधिक असतील तर न्याय संहितेतील समान उद्देश (कलम ३ (५)) की बेकायदेशीर जमाव (कलम १९०), हे विचार करून ठरवा. पर्यायी दोषारोप देता येत असेल तर द्या. साक्षीतून वेगळे चित्र निघाले तर कलम २३९ खाली दोषारोप बदलता येतो, पण त्यासाठी अर्ज वेळेत हवा. आरोपी दोषमुक्ती मागत असेल तर या टप्प्यावर पुराव्याचे वजन करायचे नसते, एवढे लक्षात ठेवून मुद्देसूद बोला. पूर्ण युक्तिवाद इथे करू नका.

कागदपत्रे मान्य करून घेण्याची तरतूद (कलम ३३०) फार कमी वापरली जाते. प्रती दिल्यापासून ३० दिवसांत दुसऱ्या पक्षाला कागद मान्य की अमान्य हे सांगायचे असते. नकाशा, मरणोत्तर पंचनामा, कधी कधी शवविच्छेदन अहवालही मान्य होतो आणि चार साक्षीदारांच्या तारखा वाचतात. कागदांची यादी करून अर्ज द्या आणि निकाल लागेपर्यंत त्याचा पाठपुरावा करा.

साक्षीदार उभा करणे

समन्स गेले का, हे पैरवी अंमलदाराला (न्यायालयीन काम पाहणाऱ्या पोलिसाला) विचारून समाधान मानू नका. समन्स बजावल्याचा अहवाल पाहा. डॉक्टर बदलून गेलेले असतात, तपासी अंमलदार निवृत्त झालेला असतो, पंच गाव सोडून गेलेला असतो. अधिकारी किंवा तज्ज्ञ बदली, निवृत्ती वा मृत्यूमुळे मिळत नसेल तर कलम ३३६ प्रमाणे त्या पदावरच्या पुढच्या अधिकाऱ्याकडून अहवाल सिद्ध करता येतो आणि साक्ष दृक्-श्राव्य माध्यमातूनही होऊ शकते. फितूर होण्याची शक्यता वाटणारा प्रत्यक्षदर्शी मात्र लवकर घ्या. दोन महिन्यांनंतरच्या तारखेला ठेवू नका.

साक्षीदाराला तारखेच्या दिवशी तुमच्या कक्षात भेटा. आपला जबाब त्याला वाचायला द्या, लिहिता-वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. कुठे उभे राहायचे, शपथ कशी होते, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगायचे, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचे, हे सांगा. भत्ता कुठे मिळतो तेही सांगा, कारण रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला त्याची काळजी असते. काय बोलायचे ते मात्र सांगायचे नाही. साक्षीदारांना आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावून पढवणे किती महागात पडते, हे २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठळकपणे नोंदवले. असे होत असल्याचे कानावर आले तर लगेच थांबवा.

सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या मुख्य साक्षीत, सूचक प्रश्न विचारायचे नाहीत. नाव, गाव, नाते यांसारख्या निर्विवाद गोष्टींपुरते ते चालतात. 'आरोपीने कोयत्याने डोक्यावर वार केला ना?' या प्रश्नाचे 'हो' हे उत्तर हरकत आली नाही तरी कवडीमोल. त्याऐवजी: 'तुम्ही तिथे कशासाठी गेला होता? काय दिसले? कोणी? हातात काय होते? कुठे लागले? उजेड कसला होता? किती अंतरावर होता?' लहान प्रश्न, एका वेळी एक मुद्दा. रात्रीची घटना असेल तर उजेडाचा प्रश्न कधीही विसरू नका. शेवटी न्यायालयात आरोपीला ओळखायला लावा आणि ओळख रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) नव्हे, तर साक्षीत नोंदली गेली का ते पाहा.

मुद्देमाल उघडण्याची पद्धत ठरलेली आहे. पाकीट आधी सीलबंद अवस्थेत दाखवा, लेबलावरच्या सह्या पंचाला ओळखू द्या, मग न्यायालयाच्या परवानगीने उघडा आणि वस्तूला आर्टिकल क्रमांक द्या. कोयता कापडात गुंडाळून मुद्देमाल कारकुनाच्या कपाटातच राहिला आणि साक्षीदार परत गेला, असे घडते. साक्षीच्या आदल्या दिवशी मुद्देमाल मागवण्याचा अर्ज द्या.

डॉक्टरांच्या साक्षीत दोन प्रश्न विचारायचे राहून जातात आणि दोन्ही महत्त्वाचे असतात. पहिला, जप्त शस्त्र प्रत्यक्ष हातात देऊन 'या जखमा या शस्त्राने होऊ शकतात का?'. दुसरा, 'ही जखम सर्वसामान्य परिस्थितीत मृत्यूला पुरेशी होती का?'. हा दुसरा प्रश्न विचारला नाही तर न्याय संहितेच्या कलम १०१ मधला त्याविषयीचा भाग सिद्धच होत नाही आणि खून सदोष मनुष्यवधावर येतो.

मृत्यूपूर्व जबाबाच्या बाबतीत लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) मधील घटनापीठाने सांगितले की डॉक्टरांचे प्रमाणपत्र नसले म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही. पण जबाब घेणाऱ्याने 'मी प्रश्न विचारून खात्री केली, जखमी शुद्धीत होती' हे साक्षीत सांगितले पाहिजे. जळीत प्रकरणात अंगठा भाजलेला असेल तर ठसा कसा उमटला, जबाबाच्या वेळी खोलीत नातेवाईक होते का, जखमी कोणत्या बोलीत बोलली आणि लिहिताना ती कशी उतरवली, हे तुम्हीच सरतपासात विचारा. उलटतपासात पहिल्यांदा आले तर त्याचा अर्थ वेगळा लागतो.

पोक्सोमध्ये बालकाला तुम्ही थेट प्रश्न विचारत नाही. प्रश्न विशेष न्यायालयाला द्यायचे, न्यायालय ते बालकाला विचारते. म्हणून प्रश्नांची यादी बालकाच्या वयाला कळेल अशा शब्दांत आधीच लिहून तयार ठेवा. बालकाची साक्ष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवायची असते, हे न्यायालयाच्या लक्षात आणून देणे तुमचे काम.

फितूर झालेला साक्षीदार

साक्षीदार उलटला म्हणून हात झटकून बसणे, हा या कामातला सर्वांत मोठा दोष. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी प्रकरणाची फेरसुनावणी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत घ्यावी लागली. साक्षीदार उलटत असताना सरकार पक्षाने बजावलेली भूमिका हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

पायऱ्या अशा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली न्यायालयाची परवानगी घ्या. मग उलटतपासाच्या पद्धतीने प्रश्न विचारा. पोलिसांसमोरील जबाबातला विरोधी भाग शब्दशः वाचून दाखवा आणि 'हे तुम्ही सांगितले होते का?' विचारा. नकार आला तर तो भाग कंसात घेऊन 'भाग अ' अशी खूण करा. त्यानंतर दबाव, पैसा, समझोता, वस्ती, नाते यांविषयी विचारा. आता सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे पाऊल: तपासी अंमलदाराच्या साक्षीत 'साक्षीदाराने भाग अ मला सांगितला होता आणि मी तसाच लिहिला' हे सिद्ध करून घ्या. ते केले नाही तर तो भाग निशाणी (क्रमांक देऊन नोंदलेला पुरावा) होत नाही आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. दंडाधिकाऱ्यासमोरचा कलम १८३ चा जबाबही स्वतंत्र पुरावा नसतो. तो फक्त पुष्टी किंवा विरोधासाठी वापरता येतो.

फितूर साक्षीदाराची साक्ष पूर्ण पुसली जात नाही. घटनास्थळी हजर असणे, भांडण होणे, जखमीला रुग्णालयात नेणे, असे जे त्याने मान्य केले ते वापरा. आणि फितुरी टाळायची असेल तर सरतपासाच्या दिवशीच उलटतपास व्हावा असा आग्रह धरा. कलम ३४६ प्रमाणे पक्षाच्या हाताबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त तहकुबी मिळू नयेत. विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य (२०१५) या निकालाची प्रत जवळ ठेवा. सरतपास आणि उलटतपास यांत महिनोन्महिने गेले तर काय होते, याचे ते बोलके उदाहरण आहे. साक्षीदाराला धमकी आली असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायला लावा, नुसते पोलिसांना कळवून थांबू नका.

पंच, जप्ती आणि मोबाइल

आरोपीच्या निवेदनावरून वस्तू मिळाली असेल तर निवेदन पंचनामा आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत हवा. 'गुन्ह्यात वापरलेला कोयता मी गोठ्यामागे पुरला आहे, चला दाखवतो' यातला फक्त शोधाकडे नेणारा भाग ग्राह्य. ठिकाण उघडे होते का, पोलिसांना आधीच माहीत होते का, हे पंचाला विचारा. वस्तू जप्तीपासून न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत कशी गेली ते सलग दाखवावे लागते: सील कोणाचे, मालखाना नोंदवहीत कोणती तारीख, नेणारा पोलीस शिपाई कोण, प्रयोगशाळेच्या पावतीत सील सुस्थितीत होते असा उल्लेख आहे का. या साखळीतला मालखान्याचा कारकून आणि वाहक शिपाई यांना साक्षीदार यादीतच घेतलेले नसते. तुमच्या तक्त्यात त्यांना जागा द्या.

मोबाइल, सीसीटीव्ही, कॉल तपशील यांसाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा) नोंदवायचे असते. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. एकच भाग भरून आलेला असतो, हे फार वेळा दिसते. प्रमाणपत्र का लागते याचा निकाल जालन्याच्या निवडणूक वादातून आला: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल, २०२०. प्रमाणपत्र नसेल तर खटला संपण्यापूर्वी ते मागवण्यासाठी अर्ज करा. मोबाइल कंपनीकडचा मूळ तपशील कायमचा जपलेला नसतो.

पुरावा संपल्याची पुरसीस

पुरसीस, म्हणजे आपला पुरावा संपला असे न्यायालयाला लेखी कळवणे, ती देण्याआधी तक्ता पुन्हा उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर निशाणी क्रमांक लिहा. एखादी ओळ रिकामी असेल तर कलम ३४८ खाली साक्षीदार बोलावण्याचा अर्ज आत्ताच करा. साक्षीतून नव्या माणसाचा सहभाग समोर आला असेल तर कलम ३५८ चा विचारही याच वेळी. घाईने दिलेली पुरसीस परत घेणे फार अवघड असते.

आरोपीच्या कलम ३५१ च्या जबाबासाठी न्यायालय दोन्ही वकिलांची मदत घेऊ शकते. तुम्ही प्रश्नांची यादी द्या. ज्या परिस्थितीबद्दल आरोपीला विचारलेच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालातच आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातला रक्तगट विचारायचा राहून गेला आणि सबंध दुवा निखळला, असे अपिलात वाचायला मिळते.

अंतिम युक्तिवादात साक्षीदारांच्या क्रमाने बोलू नका. तक्त्यातल्या घटकांच्या क्रमाने बोला. तुमच्या विरुद्ध जाणारा साक्षीचा भाग आणि विरुद्ध निकाल स्वतःच काढून दाखवा आणि त्याला उत्तर द्या. तपासात मिळालेला पण दोषारोपपत्रात न वापरलेला कागद आरोपीच्या बाजूचा असेल तर तो दडवायचा नाही. पीडिताच्या वकिलाला तुमच्या सूचनेखाली काम करता येते आणि परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो. तोंडी युक्तिवाद किंवा उलटतपास मात्र त्याला स्वतंत्रपणे करता येत नाही (रेखा मुरारका, २०१९). हे त्याला आणि कुटुंबाला पहिल्याच भेटीत नीट सांगा, म्हणजे निकालाच्या वेळी गैरसमज राहत नाहीत.

दोष सिद्ध झाला की शिक्षेवर वेगळी सुनावणी असते. तिथे फक्त 'जास्तीत जास्त शिक्षा द्यावी' म्हणू नका. आरोपीचे वय, पूर्वचरित्र, गुन्ह्याची पद्धत मांडा आणि पीडितासाठी कलम ३९५ व ३९६ खाली भरपाई मागा. भरपाई मागायलाच कोणी नसते, म्हणून ती राहून जाते.

खटला मागे घेणे

कलम ३६० खाली अर्ज करणारा अधिकारी तुम्ही असता, शासन नव्हे. शासनाचा निर्णय आला तरी फाइल वाचून, पुरावा तपासून, लोकहिताचा विचार करून स्वतःचे मत बनवावे लागते. मत बनत नसेल तर तसे लेखी कळवा. न्यायालयाची संमती लागते आणि पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. अर्जात कारणे लिहा. 'शासन निर्णयानुसार' एवढेच लिहिलेला अर्ज टिकत नाही.

निर्दोष सुटका झाली तर

त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. राज्याने उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ९० दिवस आहे आणि प्रस्ताव जिल्ह्याहून मंत्रालयापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले बरेच दिवस जातात. दंडाधिकाऱ्याने दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात सोडले असेल तर जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायालयात अपील करायला सांगू शकतात. तुमचे मत दोन पानांपेक्षा मोठे नको, पण त्यात न्यायालयाने कोणता पुरावा वगळला किंवा चुकीचा वाचला हे निशाणी क्रमांकासह हवे. निकाल योग्य वाटत असेल तर 'अपिलास योग्य प्रकरण नाही' असे निःसंकोच लिहा.

२०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक निर्दोष सुटकेचे परीक्षण करायला आणि तपासातल्या वा अभियोगातल्या हलगर्जीची जबाबदारी निश्चित करायला सांगितले. तुमची टिपणी त्या परीक्षणात वाचली जाते. म्हणून तीत पंच कोणत्या कारणाने उलटला, प्रयोगशाळेचा अहवाल कोणत्या तारखेला आला, समन्स किती वेळा न बजावता परत आले, हे तारखांसह लिहा आणि एक प्रत संबंधित पोलीस ठाण्याला पाठवा. मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा आदेश निकालात असतो, पण अपिलाची मुदत संपेपर्यंत शस्त्र आणि नमुने नष्ट होणार नाहीत, याची लेखी सूचना मुद्देमाल कारकुनाला त्याच आठवड्यात द्या.